इंजिनाची पुष्पिका : खानदेशांतील आगगाडीचीं साधनें कशीं वाचावींत

गेल्या चैत्रांत आमच्या एका स्नेह्यांनीं प्रस्तुत लेखकाच्या हातीं फडक्यांत गुंडाळलेली एक जाड पितळी पाटी आणून ठेविली. हे गृहस्थ ताम्रपट व जुनीं नाणीं जमविण्याच्या व्यासंगामुळें धुळें-जळगांवकडील संग्राहक मंडळींत सर्वपरिचित आहेत. पाटी भुसावळच्या एका भंगारवाल्याकडून वजनावर घेतलेली. आणि चिंच व राख लावून इतकी घासलेली कीं तींत तोंड पाहून घ्यावें. तिच्यावर उठावाच्या रोमन अक्षरांत 'शार्प, स्ट्युअर्ट आणि कंपनी, ॲटलास वर्क्स, ग्लासगो' एवढा मजकूर स्वच्छ वाचतां येत होता. त्याखालीं अंक होते. परंतु ज्या हातानें पाटी उजळली त्याच हातानें ते सपाटहि केले होते. स्नेही मोठ्या उत्साहानें म्हणाले, "गुरुजी, घाट चढून खानदेशांत जें पहिलें इंजिन आलें त्याचा हा ताम्रपट. साल १८६५. आपण वाचन तयार करा, त्रैमासिकांत छापूं."

त्यांचें अनुमान टिकणारें नव्हतें. आणि तें खोडून काढण्यास अंक वाचण्याचीहि गरज नव्हती. शार्प, स्ट्युअर्ट हा कारखाना मूळचा मँचेस्टरचा. स्ट्युअर्ट यांचें नांव त्यास १८५२ सालीं जोडलें गेलें, आणि १८८८ सालीं सारें बिऱ्हाड मँचेस्टर सोडून ग्लासगोस गेलें. पुढें १९०३ सालीं ग्लासगो येथीलच नील्सन-रीड व डब्स या दोन कारखान्यांशीं एकीकरण होऊन तिघांची मिळून नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी झाली. तेव्हां ज्या पाटीवर 'शार्प, स्ट्युअर्ट' हें कुलनाम आणि 'ग्लासगो' हें स्थलनाम एकत्र आढळतात, ती १८८८ च्या पूर्वींची नव्हे आणि १९०३ च्या नंतरचीहि नव्हे. पूर्वमर्यादा व उत्तरमर्यादा दोन्ही आपोआप ठरल्या. यादवांच्या ज्या लेखांत देवगिरि ही राजधानी म्हणून येते तो पांचव्या भिल्लमाच्या पूर्वींचा मानूं नये, असें आपण नेहमींच सांगतों. तोच न्याय येथें लागू पडतो.

स्नेह्यांचा थोडा हिरमोड झाला खरा. परंतु या एका पाटीमुळें बरेच दिवस मनांत घोळत असलेला विषय लिहिण्यास निमित्त मिळालें. पोथी, ताम्रपट व मोडी कागद वाचतांना जी सावधगिरी आपण सहज बाळगतों, ती वाफेच्या इंजिनापुढें उभें राहतांच कोठें जाते कळत नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांची अशी समजूत दिसते कीं इंजिन हा यंत्रज्ञांचा विषय, आणि त्याविषयींचे छापील नमुन्याचे इंग्रजी कागद म्हणजे रद्दी. या समजुतीपायीं खानदेशाच्या दीड शतकाच्या इतिहासाचीं साधनें आपल्या डोळ्यांदेखत नाहींशीं होत आहेत, व त्यांत प्रस्तुत लेखकाचाहि अपराध आहे. तो पुढें सांगतों.

पोथीच्या शेवटीं लेखक जी पुष्पिका लिहितो तींत ग्रंथाचें नांव, लेखनस्थल, शक, संवत्सर आणि क्वचित् स्वतःचें नांव असतें. इंजिनाच्या पाटीवर नेमक्या ह्याच गोष्टी असतात: कारखान्याचें नांव, गांव, साल, आणि त्या कारखान्यानें आरंभापासून बांधलेल्या इंजिनांपैकीं हें कितवें याचा अनुक्रमांक. हा अनुक्रमांक फार महत्त्वाचा. कारण तो बदलत नाहीं. इंजिनाच्या अंगावर ठळक रंगविलेला जो दुसरा क्रमांक आपणांस दिसतो तो रेल्वेचा; तो धनी बदलला कीं बदलतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं मध्य रेल्वेंत अंतर्भूत झाली, आणि त्यानंतर १९५७ च्या सुमारास रुंद मार्गावरील इंजिनांस सबंध देशाचे एकसूत्री क्रमांक देण्यांत आले. एकाच इंजिनास त्याच्या आयुष्यांत दोन-तीन क्रमांक असणें हें त्यामुळें नित्याचें आहे. छायाचित्रांत दिसणारा क्रमांक व कागदांतील क्रमांक जुळत नाहीं म्हणून तीं इंजिनें निराळीं, असें म्हणण्याची घाई करूं नये. नांवांचाहि मोह नको. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली गाडी तीन इंजिनांनीं ओढली, आणि त्यांचीं साहिब, सिंध व सुलतान हीं नांवें शाळेंतील मुलांसहि पाठ असतात. परंतु या रेल्वेस लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीनें आरंभीं जीं आठ इंजिनें पुरविलीं त्यांची खरी ओळख कारखान्याच्या क्रमांकानेंच पटते. नांव हें लाडाचें असतें.

कारखान्यांच्या स्थलांतरांची व नामांतरांची माहिती संग्राहकानें एका कागदावर लिहून जवळ बाळगावी. ती अक्षरवटिकेच्या ज्ञानाइतकीच उपयोगी पडते. शार्प, स्ट्युअर्टची हकीकत वर आलीच. नील्सन यांच्या नांवास रीड हें नांव १८९८ सालीं जोडलें गेलें. तेव्हां 'नील्सन, रीड' असें लिहिलेली पाटी त्यानंतरच्या पांच वर्षांतलीच असावयाची. रॉबर्ट स्टीफन्सन यांचा कारखाना मूळचा न्यूकॅसलचा. विसाव्या शतकाच्या आरंभीं तो डार्लिंग्टनला गेला, व १९३७ सालीं हॉथॉर्न यांचें नांव त्यास जोडलें गेलें. डब्स यांची पाटी समभुज चौकोनाची, हिऱ्यासारखी उभी. एकीकरणानंतरहि त्यांच्या क्वीन्स पार्क कारखान्यानें तोच आकार पुढें चालविला. म्हणजे नुसत्या आकारावरूनहि कुळाचा माग लागतो. लीड्सचे किट्सन, मँचेस्टरचे बायर-पीकॉक हीं नांवें आपल्याकडे वारंवार भेटतात. ईस्ट इंडियन रेल्वेचें 'फेअरी क्वीन' हें १८५५ चें इंजिन लीड्सचेंच. त्या वेळीं कारखान्याचें नांव किट्सन, टॉम्सन व ह्यूइटसन असें तिघांचें होतें. स्वदेशी इंजिनाचा आरंभ अजमेरास १८९५ सालीं झाला. चित्तरंजनच्या कारखान्यानें १९५० पासून १९७२ पर्यंत वाफेचीं इंजिनें बांधलीं. ती पाटी तर आपल्या डोळ्यांसमोरची.

पण पुष्पिका खोटी नसतांहि फसविते, हें हस्तलिखितें हाताळणारांस निराळें सांगावयास नको. नकल करणारा मूळ प्रतीची पुष्पिका शकासह जशीच्या तशी उतरतो आणि दोनशें वर्षें अलीकडची प्रत जुनी ठरते. इंजिनाच्या बाबतींत हाच प्रकार दोन तऱ्हांनीं होतो. पहिली तऱ्हा उघड लबाडीची: हल्लीं संग्राहकांसाठीं पितळी पाट्या नव्यानें ओतून विकल्या जातात. दुसरी तऱ्हा निष्पाप आहे, आणि म्हणूनच अधिक घातक. दुरुस्तीच्या कारखान्यांत एकाच वर्गाचीं अनेक इंजिनें एका वेळीं उकलून पडलेलीं असत. बॉयलरची दुरुस्ती लांबे, सांगाडा आधीं तयार होई. सांगाडा ताटकळत ठेवण्यापेक्षां दुसऱ्या इंजिनाचा दुरुस्त झालेला बॉयलर त्यावर चढवून गाडी कामास लावीत. चाकें, दट्टे, दांडे यांचेंहि तसेंच. वीस-तीस वर्षांत मूळ इंजिनाचा सांगाडा तेवढा उरे. कित्येकदां त्याचाहि भाग बदले.

याचा धडा प्रस्तुत लेखकास भर सभेंत मिळाला. कांहीं वर्षांपूर्वीं एका शहरांत प्रदर्शनार्थ उभ्या केलेल्या इंजिनापुढें विद्यार्थ्यांस घेऊन गेलों असतां, पाटीवरील साल वाचून मीं त्या इंजिनाच्या वयावर मोठें रसाळ व्याख्यान दिलें. श्रोत्यांत एक वृद्ध गृहस्थ उभे होते. ते रेल्वेंतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. व्याख्यान संपेपर्यंत ते कांहीं बोलले नाहींत. मग माझा हात धरून त्यांनीं मला चाकाजवळ वांकविलें, चाकांस जोडणाऱ्या लोखंडी दांड्याच्या टोंकावरील वंगणाचा थर खिशांतल्या किल्लीनें खरवडला, व तेथें ठोकलेला क्रमांक दाखविला. तो पाटीशीं जुळत नव्हता. दुसऱ्या बाजूच्या दांड्यावर तिसराच क्रमांक. "गुरुजी," ते म्हणाले, "हें एक इंजिन नाहीं. तीन आहेत." पाणिनीचीं सूत्रें चाळीस वर्षें शिकवून मला जी गोष्ट सुचली नव्हती ती त्यांनीं एका किल्लीनें दाखविली. तेव्हांपासून मी पाटी शेवटीं वाचतों. आधीं दांडे, मग चाकांच्या धांवा, मग सांगाड्याच्या कडा, आणि मग पाटी. या भागांवर पोलादी छाप्यानें ठोकलेले अंक लहान व ओबडधोबड असतात, त्यांवर कोणी पॉलिश करीत नाहीं, आणि खोटे करण्यांत कोणाचा फायदा नसतो. त्यामुळें त्यांची साक्ष पितळेहून खरी.

म्हणून इंजिनाचें 'साल' सांगतांना कशाचें साल हें विचारावें. चाळीसगांवाजवळ पाटण येथें भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा जो प्रसिद्ध शिलालेख आहे, त्यांतील शक ११२८ हा दानाचा. शेजारच्या देवळाच्या बांधणीचा नव्हे. हा लेख डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ सालीं प्रसिद्धीस आणला, हा थळ घाटाच्या वर्षाशीं जुळणारा एक गमतीचा योगायोग.

इंजिनाचा वर्ग कसा ओळखावा हें थोडक्यांत सांगतों, कारण याचीं कोष्टकें इतरत्र मिळतात. चाकें बाजूनें मोजावींत व दुप्पट करावींत: पुढचीं लहान मार्गदर्शक, मधलीं मोठीं ओढणारीं, मागचीं लहान भार वाहणारीं. चार-सहा-दोन म्हणजे पुढें चार, मध्यें सहा, मागें दोन. ओढणारीं चाकें मोठीं व थोडीं तर इंजिन वेगाचें. लहान व पुष्कळ तर ओझ्याचें. अक्षरांची भाषा त्याहून सोपी. डब्ल्यू म्हणजे साडेपांच फुटी रुंद मार्ग, वाय म्हणजे मीटरचा, झेड म्हणजे अडीच फुटी. त्यापुढें पी आल्यास उतारूंचें, जी आल्यास मालाचें. १९२० नंतरच्या दशकांत रुंद मार्गासाठीं एक्स हें अक्षर होतें. १९४७ सालीं अमेरिकेंतील बाल्डविन कारखान्यांतून डब्ल्यू-पी वर्गाचीं पहिलीं सोळा इंजिनें आलीं. निमुळत्या घुमटाचें तोंड असलेलें तें इंजिन माझ्या पिढीनें लहानपणीं धडधडत जातांना पाहिलें आहे. इतकें ज्ञान जुनें छायाचित्र वाचण्यास पुरेसें आहे.

आतां खानदेशाकडे वळूं. थळ घाट हा कसाऱ्याहून इगतपुरीस चढणारा सुमारें नऊ मैलांचा, सदतिसांत एक अशा चढाचा मार्ग. तो १ जानेवारी १८६५ रोजीं खुला झाला. परंतु घाटमाथ्यावरील इगतपुरीपुढचा मार्ग त्याच्या आधींच, १८६१ पासून टप्प्याटप्प्यानें सुरू झाला होता. या दोन सालांमधील अंतराचा अर्थ आपण नीट लक्षांत घेत नाहीं. मीमांसकांचा देवदत्त दिवसा जेवत नाहीं तरी लठ्ठ आहे, अर्थात् तो रात्रीं जेवतो, ही अर्थापत्ति. तशीच येथें: घाटांत रूळ जोडले नसतां माथ्यावर इंजिनें धांवत होतीं, अर्थात् तीं इंजिनें सुट्या भागांत रस्त्यानेंच वर चढलीं असलीं पाहिजेत. म्हणजे आमच्या स्नेह्यांची १८६५ ही कल्पना दुहेरी चुकीची. घाट खुला होण्याच्या आधींच माथ्यावर वाफ खेळत होती.

याचा संग्राहकांस प्रत्यक्ष उपयोग आहे, आणि माझ्या मतें हा या लेखांतील सर्वांत उपयुक्त भाग. १८६१ ते १८६५ हीं अमेरिकेंतील यादवी युद्धाचीं वर्षें. विलायतेस अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला, व जळगांवची बाजारपेठ त्याच लाटेवर वाढली. त्या काळच्या व्यापाऱ्यांच्या मोडी वह्या आपल्यापैकीं अनेकांच्या संग्रहांत आहेत, आणि त्यांत पहिलीं पानें फाटून साल गेलेल्या वह्या कांहीं थोड्या नाहींत. अशा वहींत रेल्वेभाड्याबरोबर इगतपुरी ते कसारा बैलगाडीचें भाडें व दोन्ही टोंकांची हमाली वेगळी लिहिलेली आढळली, तर ती नोंद घाट खुला होण्यापूर्वींची समजावी. कारण १८६५ नंतर माल घाटांत उतरविण्याचें प्रयोजन राहिलें नाहीं. भाड्याच्या एका ओळीनें वहीचा काल चार वर्षांच्या आंत येतो. बिल्टीचा चिठोरा वहींत चिकटविलेला असल्यास तो सोडवूं नये. त्यावरील डब्याचा क्रमांक, गांठींचें वजन व स्थानकाचा शिक्का यांतून वही बोलती होते.

पुढच्या मार्गांच्या मर्यादाहि अशाच वापरतां येतील. भुसावळाहून एक फांटा नागपुरास १८६७ सालीं पोंचला. दुसरा खंडवा-इटारसीवरून जबलपुरास १८७० सालीं जुळून मुंबई-कलकत्ता मार्ग पुरा झाला, आणि भुसावळ हें इंजिनांचें गांव बनलें. सुरतेहून नंदुरबार-अमळनेरवरून येणारा ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग व चाळीसगांव-धुळें फांटा हे दोन्ही १९०० सालचे. तोंपर्यंत धुळ्यासारखें शहर रुळांपासून दूर होतें. धुळ्याच्या कागदांत त्यापूर्वींची 'स्टेशनावर माल दिला' अशी नोंद आल्यास तें स्टेशन धुळ्याचें समजूं नये. १९०६ सालीं जिल्ह्याची विभागणी होऊन पूर्व व पश्चिम खानदेश झाले. तेव्हां 'पूर्व खानदेश' असा शिक्का असलेला कागद त्याआधींचा नसणार, हें सांगणें नलगे. इगतपुरी-भुसावळ मार्गावर १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विजेची गाडी आली, तरी धुळ्याच्या फांट्यावर माझ्या लहानपणीं वाफेचेंच इंजिन असे. देशांतील रुंद मार्गावरचें वाफेचें पर्व १९९५ सालीं संपलें.

राजवाडे यांनीं साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं काढला, तेव्हां त्यांतील पानिपतच्या प्रसंगास एकशें सदतीस वर्षें लोटलीं होतीं. तेवढ्या काळानंतरहि वाईच्या व इतर ठिकाणच्या माळ्यांवर कागद उरले होते. आपल्या विषयास अजून त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाहि काळ झालेला नाहीं, आणि कागद मात्र त्याहून वेगानें चालले आहेत.

कागद कोणते, हें सांगितलें पाहिजे. प्रत्येक स्थानकावर गाडीचें रजिस्टर असे. मागच्या स्थानकानें गाडी सोडण्याची परवानगी केव्हां मागितली, केव्हां दिली, गाडी केव्हां आली व केव्हां गेली, हें मिनिटामिनिटाचें तींत लिहावें लागे, व खाडाखोड करण्यास मनाई असे. इतकी कडक दिनचर्या पेशवे दप्तरांतहि विरळा. गार्डाचें गाडीपत्रक त्याला पूरक: त्यांत इंजिनाचा क्रमांक, ड्रायव्हरचें नांव, डब्यांची संख्या व वजन. रजिस्टरावरून गाडी कळते, गाडीपत्रकावरून इंजिन कळतें, दोन्ही शेजारीं ठेवलीं कीं एखाद्या दिवसाची एखादी घटना उभी राहते. तिसरें साधन म्हणजे नोकरवर्गापुरतें छापलेलें कामकाजाचें वेळापत्रक. उतारूंच्या वेळापत्रकाशीं त्याचा घोटाळा करूं नये. कोणत्या वर्गाच्या इंजिनानें कोणत्या चढावर किती टन ओढावे, पाणी कोठें घ्यावें, वेग कोठें आवरावा हें सर्व त्यांत असतें. इंजिनाचें बळ अजमावण्यास याहून चांगलें साधन नाहीं.

या कागदांचा मराठी वाङ्मयाशीं काय संबंध, असें एका विद्वान् मित्रांनीं मला विचारलें. संबंध असा. ५ मे १९१८ रोजीं जळगांव-भुसावळच्या दरम्यान भादली स्थानकाजवळ मालगाडीखालीं सांपडून कवि बालकवि यांचा अंत झाला. वय अवघें सत्तावीस. भादली स्थानकाच्या त्या दिवसाच्या रजिस्टराचें एक पान ज्याच्या हातीं लागेल, त्याच्या हातीं मराठी कवितेच्या इतिहासाचें अस्सल साधन असेल. आणि त्या पानावर कवितेचा एक शब्दहि नसेल. मित्र पुढें कांहीं बोलले नाहींत.

आतां माझा अपराध. बारा-तेरा वर्षांपूर्वीं पाचोऱ्याकडील एका गांवीं एका कुटुंबाचें जुनें घर उतरत होतें, आणि माळ्यावरील दोन ट्रंका पाहण्यास मला बोलावणें आलें. घरांतील एक पूर्वज रेल्वेंत होते. पहिल्या ट्रंकेंत मोडी कागदांचा एक रुमाल, एक खंडित ज्ञानेश्वरी व पंचांगें. दुसरींत काळ्या पुठ्ठ्यांचीं, वंगणाचे डाग पडलेलीं, छापील रकान्यांचीं रजिस्टरें व एक हातानें लिहिलेली डायरी. मीं पहिली ट्रंक उचलली. दुसरीकडे पाहून म्हणालों, "हें पुढच्या वेळीं पाहूं." पुढची वेळ तीन आठवड्यांनीं आली. घर उतरलें होतें, ट्रंक रद्दींत गेली होती. बाजारांत रद्दीवाल्याकडे चौकशी केली. त्यानें दुःख न करतां सांगितलें कीं तो कागद जाड व चांगला होता, लगेच उठला. परततांना बसच्या थांब्यावर भाजलेल्या शेंगांची पुडी घेतली. ती उलगडली तर आंत निळ्या शाईनें, वळणदार अक्षरांत, वेळांचे दोन रकाने, व समासांत एक शब्द: 'पाऊस'. ती पुडी माझ्यापाशीं आहे. रुमालांतील मोडी कागद पुढें पाहिले, तर बहुतेक भाऊबंदकीच्या देण्याघेण्याचे निघाले. ते मंडळाच्या उपयोगीं पडले, नाहीं असें नाहीं. परंतु दोहोंपैकीं एकच ट्रंक उचलावयाची होती तर आज मी दुसरी उचलली असती.

पाचोरा हें नांव आलें म्हणून जामनेरच्या गाडीविषयीं लिहिलें पाहिजे. पाचोरा-जामनेर हा छप्पन्न किलोमीटरचा अडीच फुटी मार्ग १९१८-१९ सालचा. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर या गांवांवरून जाणारा. बार्शी लाइट रेल्वेनें १८९७ पासून जी रुंदी आपल्या प्रांतांत रूढ केली तीच याची. रुंदी निराळी असल्यामुळें पाचोऱ्यास प्रत्येक गांठ व प्रत्येक पोतें एका गाडींतून काढून दुसरींत भरावें लागे. त्या हमालीवर किती घरें पोसलीं याचा हिशेब अद्याप कोणी मांडलेला नाहीं. वऱ्हाडांतील यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा याच रुंदीचा मार्ग. तेथें मँचेस्टरहून आलेलें १९२१ चें इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलें. जामनेरची गाडी मार्च २०२० मध्यें साथीच्या वेळीं थांबली ती पुन्हां निघाली नाहीं. मार्ग रुंद करण्याचें ठरलें आहे. मार्ग रुंद झाला म्हणजे जुने रूळ, खुणेचे दगड व स्थानकांच्या पाट्या जातील, हें अपरिहार्य. पण त्या मार्गावर राबलेल्या माणसांच्या घरीं असलेल्या ट्रंका अजून त्यांच्या घरींच आहेत. पाचोरा, शेंदुर्णी, जामनेर व भुसावळ येथें ज्यांचे आप्त किंवा जुने विद्यार्थी असतील त्यांनीं एवढ्या उन्हाळ्यांत तरी विचारपूस करावी.

कागद मिळाल्यास दोन-तीन गोष्टी सांभाळाव्यात. रजिस्टराचीं पानें पुठ्ठ्यापासून सोडवूं नयेत. स्थानकाचें नांव बहुधा पुठ्ठ्यावरच असतें. तेलाचे डाग धुवूं नयेत. कोणाच्या घरीं, कोणत्या ट्रंकेंत, कशाशेजारीं मिळालें हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. म्हाताऱ्या फायरमनांस व सांधेवाल्यांस कागद दाखवून रकान्यांचे अर्थ विचारून घ्यावे; त्यांतील संक्षिप्त अक्षरें कोणत्याहि कोशांत मिळावयाचीं नाहींत, आणि सांगणारे दरवर्षीं कमी होत आहेत. आणि पितळी पाटी हातीं आल्यास कृपा करून ती घासूं नये. चिंच ही आमटींत शोभते.

आमच्या स्नेह्यांच्या पाटीचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. ताम्रपटाचा घेतों तसा तिचा ओल्या कागदावर शाईचा ठसा घेतला, आणि सायंकाळच्या तिरप्या उन्हांत पाटी हळूहळू फिरवून पाहिली. अंकांच्या ओळींतील सालाचे पहिले तीन अंक उमटले: एक, आठ, नऊ. चौथ्याच्या जागीं नुसती चकाकी आहे. स्नेह्यांनीं ठसा चौकटींत बसवून दिवाणखान्यांत लावला आहे, आणि खालीं स्वतःच्या हातानें लिहिलें आहे: 'इ. स. १८९-'. ती आडवी रेघ लिहितांना त्यांस किती कष्ट झाले असतील हें संग्राहक मंडळींस सांगणें नको.